एकशे दहा ग्रॅमची खार

माझ्या नवऱ्याने खारीचं वजन केलं, त्या सकाळी आमच्या घरात चार महिन्यांनी पहिल्यांदा कोणीतरी आनंदाने ओरडलं.

"एकशे दहा!" अंगणातून आवाज आला. "अगं, ऐकलंस का? एकशे दहा ग्रॅम!"

मला वाटलं, हे पडले. शिलाई मशीनवरून उठून धावत गेले, तर हे जुन्या तराजूसमोर उकिडवे बसलेले. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात शेंगदाण्यांची टरफलं, आणि खार झाडावर पसार. तिला पारड्यात बसवायला ह्यांनी सकाळपासून मूठभर दाणे खर्ची घातले होते.

आमच्या ह्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. बाजारातल्या प्रत्येक दुकानाचा काटा कधी ना कधी ह्यांच्या हाताखालून गेलेला. कोणी पारड्याखाली मेण लावलंय, कोणी वजन आतून पोखरलंय, हे दांडीकडे नुसतं बघून ओळखायचे आणि जेवताना मला रंगवून सांगायचे. मग आकडे दाखवणारे विजेचे काटे आले. ते बिघडले की लोक सरळ फेकून देतात. चार महिन्यांपूर्वी ह्यांनी दुकान बंद केलं, घरी आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. बसले ते बसलेच. चहा दिला की चहा प्यायचे, ताट वाढलं की जेवायचे. मी भांडण उकरून काढलं तर म्हणायचे, "तुझंच बरोबर आहे." छत्तीस वर्षांच्या संसारात इतकं भयंकर वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

लेक सुट्टीला आली तेव्हा बाबांसाठी पक्ष्यांना दाणे घालायचं लाकडी घरकुल घेऊन आली. छोटंसं छप्पर, पुढे बसायला फळी. "बसल्या बसल्या पाखरं बघा, बाबा," म्हणाली, झाडाला टांगून गेली. दुसऱ्या दिवशी चिमण्या यायच्या आत एक खार आली आणि अर्ध्या तासात तिने घरकुल धुऊन पुसून रिकामं केलं. चिमण्या तारेवर बसून बघत राहिल्या. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी खुर्चीतून आवाज आला, "ही उघड उघड चोरी आहे."

मी हातातली सुई तशीच धरून ऐकत राहिले.

ह्यांनी घरकुल लोखंडी खांबावर चढवलं आणि खांबाला ग्रीस फासलं. ठकीने, म्हणजे खारीने, हे नाव ह्यांनीच ठेवलं, भिंतीवरून उडी मारली. ह्यांनी खांब भिंतीपासून लांब हलवला. ठकी कपड्यांच्या दोरीवरून आली, माझ्या धुतलेल्या ओल्या परकरांवर पायांचे ठसे उमटवत. मी बोंब मारली. ह्यांनी "तुझंच बरोबर आहे" म्हटलं नाही. "दोरी तिथे कोणी बांधली?" म्हणून माझ्यावरच उलटले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि मग ते वजन. दुकानातली एक जुनी दांडी काढून ह्यांनी घरकुलाच्या फळीला जोडली. दांडीच्या एका टोकाला फळी, दुसऱ्या टोकाला ऐंशी ग्रॅमचा लोखंडी गोळा. फळीवर ऐंशीपेक्षा जास्त भार आला की ती खाली जाणार आणि दाण्यांवर झडप पडणार.

"चिमणी पंचवीस ग्रॅमची," ते मला समजावत होते. "तीन बसल्या तरी चालतील. चौथीने रांगेत थांबायचं."

चिमण्या आल्या, खाऊन गेल्या. ठकी आली, ऐटीत फळीवर बसली आणि तिच्या नाकासमोर खट्‌कन झडप पडली. पुन्हा बसली, पुन्हा खट्‌. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. गोड शिरा केला, दोघांनी चाटूनपुसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी हे खुर्चीत बसले. तिसऱ्या दिवशी दाढी केली नाही. चौथ्या दिवशी मी विचारलं, "चिमण्या आल्या होत्या का?" तर म्हणाले, "असतील आल्या."

दुपारी ते झोपले तशी मी उठले. सांडलेल्या टाचण्या गोळा करायला माझ्या डब्यात एक लोहचुंबक असतो. तो नेऊन मी त्या लोखंडी गोळ्याला चिकटवला.

सकाळी ठकी फळीवर बसून निवांत जेवत होती. झडप जागची हलली नाही. हे अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन बाहेर धावले. मी मशीनवर मान खाली घालून बसले आणि एका झग्याची बाही उलटी शिवली.

दहा मिनिटांत हे आत आले. चुंबक माझ्यासमोर ठेवला.

"पस्तीस ग्रॅम," म्हणाले. "माझ्याच घरात काटामारी?"

"मला काय माहीत?"

"अगं, मारायचा तर नीट तरी मारायचा! बाजूला चिकटवलास, दांडी तिरकी झाली. आंधळ्यालाही कळेल. इतकं कच्चं काम मी उभ्या जन्मात पाहिलं नाही."

मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं. "तुम्ही परत खुर्चीत बसलात," मी म्हणाले. "मला भीती वाटली हो. ती खार यायची तेव्हा तुम्ही घरात असायचात."

त्यांनी चुंबक उचलून हातात उलटसुलट फिरवला. साबण गालावर वाळून गेला. मग चुंबक त्यांनी माझ्या डब्यात परत टाकला.

"उद्या दुसरं काहीतरी कर," म्हणाले. "पण जरा डोकं लावून."

तेव्हापासून रोज दुपारी मी लबाडी करते आणि रोज सकाळी हे ती पकडतात. गोळ्याखालचं मेण पाच मिनिटांत सापडलं. बिजागरीत घातलेला दोरा तासाभराने. दाढी रोज होते. भांडणं तर पहिल्यासारखी दणदणीत.

काल मात्र मला गिऱ्हाइकाचे तीन झगे शिवून द्यायचे होते, लबाडीला सवडच मिळाली नाही. तरी संध्याकाळी घरकुल रिकामं. ह्यांनी सगळं उतरवून, खोलून, पुन्हा जोडलं. आज सकाळपासून कानावर पेन्सिल लावून माझ्यासमोर बसलेत. चहाचं पाणी झालंय.

"दांडी बरोबर, गोळा बरोबर, मेण नाही, चुंबक नाही! अगं, केलंस तरी काय?"

"हार मानता?"

"हॅट! संध्याकाळच्या आत शोधतो की नाही बघ."

काल दुपारी हे झोपलेले असताना मी खिडकीतून सगळं पाहिलं. ठकी छपरावर आली, मागच्या पायांनी कड पकडून उलटी लटकली आणि फळीला शेपटीचा केससुद्धा न लावता पोटभर जेवली. मी सांगणार नाही. ठकीही सांगणार नाही.