कॅरमवरचा डोळा आणि दोन कंपन्यांचं भांडण

मी एक जुना श्रीखंडाचा डबा आहे मित्रांनो, पण मला डोळा आहे! खरंच! सौदीतल्या अल-खोबरच्या एका फ्लॅटमध्ये रत्नाकर नावाच्या इंजिनिअरनं माझ्या बुडाला भोक पाडलं, त्यात जुन्या मोबाईलचा कॅमेरा बसवला आणि मला कॅरमबोर्डावर टांगलं. कशासाठी? तर नाशिकच्या आजोबांना नातीशी, नूपुरशी, कॅरम खेळायचा होता! आजोबा तिकडे फोनवर नेम दाखवायचे, नूपुर इकडे त्यांच्या वतीनं स्ट्रायकर मारायची, आणि कोणती सोंगटी गेली ते ओळखून मी पापणी लवायच्या आत दोघांच्या पडद्यावर गुण मांडायचो.

"नूपे, माझा नेम मुद्दाम चुकवतेस!"

"नो चीटिंग आजोबा, डब्याला विचारा!"

कसलं कौतुक व्हायचं माझं!

दर शुक्रवारी सुट्टीला रत्नाकरचा प्लांटवरचा मित्र सुशांत जेवायला यायचा. मला बघून तो वेडाच झाला. "रत्न्या, सोनं आहे रे हे! सगळं दे मला, दोघांच्या नावानं पेटंट काढू." पेटंट म्हणजे, 'ही कल्पना आमची, विचारल्याशिवाय वापरायची नाही' असा सरकारी कागद. आता बघा, प्लांटवर साधा व्हॉल्व्ह उघडायचा तरी रत्नाकर तीन सह्या घेतो. पण मित्राकडून कसली सही? नकाशे, प्रोग्राम, सगळं व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळा!

सुशांत नोकरी सोडून परदेशी गेला आणि गप्पच झाला. दोन वर्षांनी एका वकीलबाईंचा, अदिबांचा, फोन आला तेव्हा कळलं, तो लाइव्ह कॅसिनोच्या कंपनीत आहे! तिथे खऱ्या टेबलावर पत्ते वाटतात, लोक घरबसल्या पैसे लावतात, आणि पत्ता ओळखतो कोण? माझ्यासारखाच डोळा! पेटंट कंपनीचं, आणि शोध लावणारा म्हणून नाव एकट्या सुशांतचं. वर त्या कंपनीनं दुसऱ्या कंपनीवर 'आमची कल्पना चोरली' म्हणून खटला भरला होता. चोराच्या उलट्या बोंबा!

अदिबा दुसऱ्या कंपनीच्या वकील. त्यांना इंटरनेटवर आमचा कॅरमचा जुना व्हिडिओ सापडला होता. "रत्नाकरजी, बस इतना कहिए कि डिब्बा आपने बनाया। पेटंट रद्द होगा, आपका नाम होगा।"

मी तर फुगलोच मित्रांनो!

पण त्याच संध्याकाळी सुशांतचा फोन. "रत्न्या, तिथे जुगाराला बंदी आहे ना? कॅसिनोच्या खटल्यात नाव आलं, तर कफील ठेवील तुला? इकामा खलास!" कफील म्हणजे इथला नोकरीला जामीन राहणारा मालक, आणि इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर अदिबांनी डबा कुणाचा ते विचारलं. मी समोर टेबलावरच होतो. नूपुर बापाची बाही ओढत होती, "पप्पा, बोलो ना! यू मेड इट!"

रत्नाकरनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ये डिब्बा मेरा नहीं है," म्हणाला.

सुशांतनं फसवलं ते मी सोसलं असतं. पण ज्यानं मला डोळा दिला, त्यानंच?

महिन्याभरात दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं. आता दोघी तोच डोळा वापरतात. आणि मला रत्नाकरनं कपाटावर ठेवलंय, तोंड भिंतीकडे करून.

मित्रांनो, तुम्ही काही बनवलंत तर ते कुणाच्या हाती देताय ते आधी बघा. आणि कुणी विचारलं, 'हे कुणाचं?' तर मान खाली घालू नका. कोर्टात डब्याची साक्ष चालत नाही हो. आमच्या बाजूनं बोलायला फक्त तुम्हीच असता.