सगुणाबाय रिकामा धवला गात नाय

आंबिवली स्टेशनबाहेर फ्लेक्स लागला आणि सगुणाबायचं टाळकं सरकलं. वीस फुटी फ्लेक्सवर तिचा भाचा रघु भोईर, काळा गॉगल, गळ्यात बोटभर जाडीची चेन, हात जोडलेले. भोवती त्याच्या मित्रमंडळाची बेचाळीस डोकी. आणि खाली कोपऱ्यात, रेशनकार्डावरच्या फोटोएवढी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप ती: 'आगरी समाजाची आंतरराष्ट्रीय लेक, पॉपसम्राज्ञी कु. नयन मोरिता हिचे सहर्ष स्वागत!'

"पोर येतंय का रघ्या इलेक्शनला उभा ऱ्हातंय?" तिने रिक्षावाल्याला विचारलं.

"दोन्ही," रिक्षावाला म्हणाला.

सगुणाबाय म्हणजे अडुसष्ट वर्षांची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी निभतं, डीजेवाला नाही आला तर फार तर पोरं रुसतात, पण धवलारीण नाही आली तर हळदच लागत नाही. ती धवला गाते, म्हणजे लग्नाचं गाणं. त्यात आधी देवांना मांडवात बोलवायचं, मग मेलेल्या आज्या-पणज्यांना, मग नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, दोघांची गावं. नावांशिवाय धवला नाही आणि लग्नाशिवाय तर नाहीच नाही. सगुणाबायला तिच्या आजीने बजावून ठेवलेलं, रिकामा धवला गायचा नाय. देव मांडवात येतात, बघतात तर नवरीच नाही, मग गाणारणीच्या घरी जाऊन ठाण मांडतात. सगुणाबायच्या घरात आधीच जागा नव्हती.

टिटवाळ्यापासून डोंबिवलीपर्यंत तिने नऊशे लग्नं तरी लावली असतील. एकच लावलं नव्हतं. सख्ख्या बहिणीचं.

जया तिच्याहून सहा वर्षांनी धाकटी. अडतीस वर्षांपूर्वी ती इथल्या एका कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर भाजी पोचवायची. तिथे मशीन बसवायला केंजी मोरिता नावाचा इंजिनियर आलेला. माणूस अमेरिकेचा, आईबाप जपानी, आणि भाजी घेणार आमच्या जयाची, तीही भाव न करता. तिथेच घरच्यांना संशय यायला हवा होता. चार महिन्यांनी जया येऊन म्हणाली, "बाय, मी लगीन करतंय. तू धवला गाशील नं?" बाय म्हणजे थोरली बहीण. ही थोरली तेव्हा तिशीची, नवी नवी धवलारीण, राग नाकाच्या शेंड्यावर. म्हणाली, "ज्याच्या गावाचं नाव मना घेता येत नाय, त्याचा धवला मी गात नाय. आणि गेलीस तर मी बोलावल्याबिगर या दारात पाय ठेवू नको."

जयाने ठाण्याला जाऊन कोर्टात सह्या केल्या आणि अमेरिकेला गेली. बाकीचं घर दोन वर्षांत निवळलं. भाऊ फोन करायला लागला, वहिनीने लोणचं धाडलं. जया दोनदा मुंबईपर्यंत येऊनही गेली, पण आंबिवलीला आली नाही, कारण बायने बोलावलं नव्हतं. बायने का नाही बोलावलं? कारण जयाने विचारलं नव्हतं. हट्टाचं बक्षीस निघालं असतं तर दोघी बहिणींना वाटून द्यावं लागलं असतं.

आणि खरं सांगायचं तर सगुणाबाय आतून कुढत होती. नऊशे लग्नांत, नवरीच्या नावाची जागा आली की तिच्या तोंडात आधी 'जया'च यायचं. ती ते गिळायची आणि समोरच्या पोरीचं नाव घ्यायची. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

तिकडे जयाची नयन मोठी झाली. मोठी म्हणजे किती, तर रघूचा मुलगा विकी कल्याणच्या कॉलेजात तिच्या नावावर भाव खाऊन राहायचा. कॅलिफोर्नियात जन्म. शाळेच्या बँडमधून हाकलली, कारण सांगितलेलं वाजवायची नाही. मग गॅरेजात बसून स्वतःच गाणी लिहिली, स्वतःच गायली आणि इंटरनेटवर टाकली. एका पोराने सोडलं तर त्याच्यावर अख्खा अल्बम काढला. तो इतका खपला की हिला दुसरा कुणी सोडून जाईपर्यंत कंपनीला दम निघेना. मग एक अल्बम जपानीत आला आणि टोकियोत पोरी रडून रडून बेशुद्ध पडल्या. एकूण तीन अल्बम, कोट्यवधी खप. केस एकदा निळे, एकदा हिरवे, एकदा नाहीतच.

विकीने एकदा आत्याआजीला, म्हणजे सगुणाबायला, मोबाईलवर गाणी ऐकवली. "ताप आल्यावर माणूस पुटपुटतं तसं गातंय," ती म्हणाली. "आणि गेला, गेला म्हणतंय, कुठं गेला ते सांगत नाय." मग सगळ्यात गाजलेलं गाणं लागलं. त्याच्या सुरुवातीला नयन नुसतीच गुणगुणते, शब्द नाहीत. सगुणाबाय तांदूळ पाखडत होती, तिचे हात थांबले. ती धवल्याची चाल होती.

"बंद कर ते," ती म्हणाली. "डोकं दुखतंय."

आता नयनला नव्या अल्बमसाठी तो धवला हवा होता, पूर्ण, मावशीच्या आवाजात. तिने रघूला फोन केला आणि रघु हो म्हणाला. रघु कशालाही हो म्हणतो, त्याच सवयीपायी बापाच्या चार एकरांवर बिल्डरचे तीन टॉवर उभे आहेत.

"रिकामा धवला मी गात नाय," सगुणाबायने सांगून टाकलं.

"म्हणजे लगीनच पायजे ना, आत्या?" रघु म्हणाला. "मग लावू की!"

रविवारी सकाळी रघूच्या बंगल्यापुढे मांडव पडला. आंब्याचे टहाळे, हळदीची परात, बेंजोवाले, तीनशे माणसं, वर घरघरणारा ड्रोन. सगुणाबाय नऊवारी नेसून, ठसठशीत कुंकू लावून आली. पाटावर नयन बसली होती, हिरवं लुगडं, केस यंदा जांभळे. शेजारच्या पाटावर मुंडावळ्या बांधून विकी, मोबाईलमध्ये स्वतःलाच न्याहाळत. बाजूला नयनचा गोरा रेकॉर्डिंगवाला, त्याच्या काठीला घुशीएवढा केसाळ माइक, आणि त्या माइककडे संशयाने बघणारं गावातलं कुत्रं.

"हा नवरा?" सगुणाबायने विचारलं.

"ॲक्टिंग गं आत्या, पाच मिनटांचं काम. तू गा, हे कट बोलतील, मग मटण."

"रघ्या, मेल्या! नयन तुजी आतेबहीण. म्हंजे तुज्या पोराची ती आत्या लागतं, आत्या! आत्येशी पोराचं लगीन लावतंस आणि ते बघाया मी देवांना बोलावू?"

मांडवातली तीनशे माणसं एकदम बोलायला लागली. रघूने सगळं धरलं होतं, मटण, ड्रोन, आमदारांची खुर्ची, तेवढं नातं मोजायचं राहून गेलेलं. विकीने मुंडावळ्या ओढून काढल्या. "काय यार पप्पा! माझी इज्जतच काढली!"

"मी चालले," सगुणाबाय म्हणाली आणि वळली.

तेव्हा नयन पाटावरून उठली. लोकांना वाटलं आता इंग्रजी येणार. तिने तोंड उघडलं आणि अशी ठसक्याची आगरी बाहेर पडली, की तशी विकीच्या मित्रांनाही येत नव्हती. आईकडून शिकलेली, चाळीस वर्षांपूर्वीची, जशीच्या तशी.

"मावशे, थांब गो! मना रेकॉर्डिंग नको. आय भांडी घासताना तीच चाल गुणगुणतं. मी ल्हानपनापासून शब्द विचारतंय. ती बोलतं, शब्द बायकडं ऱ्हायलेत. मी तीन अल्बम लिवले मावशे, त्या चालीत बसंल असा एक शब्द मना सापडला नाय."

सगुणाबायने पदर तोंडाला लावला. मग तो काढून म्हणाली, "आयला शब्द पायजे व्हते तर तिनं मागायचे. तुला कशाला धाडलं?"

"ती मागायालाच आयलीय. कोपऱ्यावर गाडीत बसलीय सकालपासून. बोलतं, बायनं बोलावल्याबिगर दारात नाय जायाची."

"सकालपासून? या उन्हात?" सगुणाबाय ओरडली. "अकलेचा कांदा!"

तिने हळदीची परात उचलली आणि निघाली. मागे नयन, नयनच्या मागे माइकवाला, माइकच्या मागे कुत्रं, मग तीनशे माणसं. बेंजोवाल्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून ते वाजवत मागून आले. सगुणाबायने वळून नुसतं बघितलं, तसे ते गप्प झाले.

गाडीची काच बंद होती. तिने हळदीच्या बोटांनी ती ठोकली. काच खाली गेली. आत जया, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. तिच्या पलीकडे केंजी, बारीक, म्हातारा, मांडीवर जेवणाचा डबा धरून.

"केस कापलेस," सगुणाबाय म्हणाली.

"तू जाडी झालीस," जया म्हणाली.

सगुणाबायला रडू आलं, आणि माणसांसमोर रडू आलं याचा असा संताप आला की तो तिने केंजीवर काढला. "तुजं गाव कंचं रं?"

"सॅन होजे," केंजी म्हणाला.

"ते नाय. आज्याचं!"

केंजीने बायकोकडे बघितलं. "वाकायामा," तो म्हणाला. मग तोडक्यामोडक्या मराठीत सांगितलं, आजोबा तिथे भात लावायचे.

"भात?" सगुणाबाय बघतच राहिली. आजूबाजूला सगळे भातवाल्यांचेच नातू उभे होते. "मग तवाच सांगायला काय तोंड शिवलं व्हतं?"

"तू विचारलंस कवा?" जया म्हणाली.

सगुणाबाय तोंडातल्या तोंडात म्हणून बघायला लागली. "वाकायामा. वाकायामा." एकदा, दोनदा, तीनदा. "घेता येतंय की गो," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला आवरेना. गाडीच्या दाराला धरून ती हमसाहमशी रडली. "येवढंच व्हतं गो जया. येवढंच नाव व्हतं. उतर. मी बोलावतंय, उतर."

विकीच्या मुंडावळ्या केंजीच्या कपाळावर चढल्या. बासष्टीची नवरी मांडवातल्या पाटावर बसली, नयनने तिच्या मागे उभं राहून डोक्यावर पदर धरला. सगुणाबायने देवांना बोलावलं, आज्यांना बोलावलं, वाकायामाच्या भातवाल्यांनाही बोलावलं. नवरीच्या नावाची जागा आली तेव्हा तोंडात जे आलं ते तिने गिळलं नाही.

धवला संपल्यावर रेकॉर्डिंगवाला ओशाळून पुढे आला. ड्रोनच्या घरघरीत सगळा आवाज गेला होता. परत एकदा होईल का?

"परत कुनाचं लगीन हाय?" सगुणाबायने विचारलं. "देव जेवाया बसले."

नयनने त्याला हात जोडून गप्प केलं. शब्द तिने नंतर मावशीजवळ बसून पाठ केले, पण छापले नाहीत. लग्न असेल तिथेच गाईन म्हणाली.

सहा महिन्यांनी अल्बम आला. त्यात धवला नव्हता. पण गाडीजवळचा माइक चालू होता, तेव्हा ड्रोन अजून मांडवावरच होता. म्हणून पहिल्या गाण्याच्या आधी दोन म्हाताऱ्या ऐकू येतात: केस कापलेस. तू जाडी झालीस. विकीने व्हिडिओ दाखवला, टोकियोच्या स्टेडियममध्ये पन्नास हजार पोरी हात वर करून, अर्थ कळत नसताना, एका सुरात 'तू जाडी झालीस' ओरडत होत्या आणि रडत होत्या.

"सगल्या दुनियेत मना जाडी करून ठेवलीस," सगुणाबाय रविवारच्या फोनवर जयाला म्हणाली. "आता गप ये. गणपतीला ये. मी बोलावतंय नं."

"तिकीट काढलंय, बाय," जया म्हणाली.