हाडं चाटणारी डाकीण

मंगळवारी सानगडीच्या तलावाकाठच्या मांडवात बायांची अशी दाटी झाली होती की मुंगीला शिरायला जागा नव्हती. अस्थिनाथ महाराजांनी बरणीतून कोंबडीच्या तंगडीचं हाड काढलं, दोन बोटांत धरलं आणि रबरासारखं वाकवलं.

"जय हो!" मांडव गरजला.

"पाहा मायबाईंनो! मागच्या मंगळवारी हे हाड या रुखमाबाईनं आपल्या घरून आणलं. कसं होतं, बाई?"

"दगडासारखं, महाराज."

"सात दिवस हिच्या नावानं माझ्या तीर्थात राहिलं आणि डाकीण चाटून गेली! हिच्या अंगातली हाडंही ती अशीच चाटते आहे. सव्वा महिना ऊन घ्यायचं नाही, दूधदह्याला शिवायचं नाही, सरकारी गोळी गिळायची नाही. गोळीच्या वासानं डाकीण चवताळते!"

मागे बसलेल्या दामिनीने कपाळावर हात मारला. रुखमा तिची मोठी जाऊ. वय अवघं एकेचाळीस. पण धानाच्या रोवण्याच्या वेळी बांधीतल्या चिखलात घसरली आणि मनगट मोडलं, मग घागर उचलताना पाठीचा मणका दबला. आता पडली तर खुबा जाईल, खाट धरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दामिनी गावची आशा सेविका. कॅल्शियमच्या सरकारी गोळ्या घेऊन जावेच्या मागे फिरता फिरता तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

"वहिनी, घरी चाल."

"गप राह्य! तुह्ये सोळा सोमवार चालतेत, अन् मी डाकिणीचा उपास केला तं तुह्या पोटात दुखते?"

"माह्या सोमवारात भक्ती आहे वहिनी, भेव नाही."

तेवढ्यात चेला मडकं घेऊन आला. नव्या बायांच्या बरण्यांत तो तीर्थ ओतत होता. दामिनीने सवयीने हात पुढे केला, चेल्यानेही सवयीने ओतलं. तिने ओंजळ डोळ्यांना लावली, घोट घेतला, आणि तोंड वाकडं झालं.

"अगं, ते प्यायचं नाही!" महाराज ओरडले.

"काहून? तीर्थ अन् प्यायचं नाही? जलमभर तीर्थ घेऊन राहिली मी, असं आंबट कधी लागलं नाही. हे तं चायनीजच्या ठेल्यावरचं व्हिनेगर होय!"

"नास्तिक! तुझी जीभ झडेल!"

"सोमवारचं मौन काल सुटलं माह्यं. आज बोलीनच!"

दोघी-चौघी हसल्या. बाकीच्यांनी मात्र दामिनीलाच दटावून बाहेर काढलं.

पुढच्या मंगळवारी ती काचेचा गिलास घेऊन आली. महाराज नव्हते. कोंढा गावच्या भक्तांनी अचानक हाक मारली म्हणे! दामिनीने गिलासातलं हाड काढून सर्वांदेखत वाकवलं.

"दुकानातलं व्हिनेगर, सात दिवस. ना मंत्र, ना डाकीण. आंबटानं हाडातला चुना विरघळला, बस."

"मंग माह्यी हाडं काहून मोडतेत?" रुखमाने विचारलं.

"हाड जिवंत असते वहिनी. भिंतीचा पोपडा काढून आपण पुन्हा लिपतो ना, तसं जुनं हाड खरवडलं जाते, नवं भरलं जाते. बाईच्या बीजकोशातून इस्ट्रोजेन निघते, ते खरवडणाऱ्याले आवरून धरते. पाळी गेली का ते घटते. मंग खरवडणं जोरात, अन् लिपणं मागं पडते. तुह्यं ऑपरेशन झालं तवा गर्भपिशवीसंग दोन्ही बीजकोश काढले, तं ते एकदमच तुटलं."

मागून कोणी तरी विचारलं, "कोंढ्याची एसटी किती वाजता हो?" आणि अर्ध्या बाया उठल्या. दामिनीला रडू फुटायचं बाकी राहिलं.

रुखमा बसून होती. "छत्तिसाव्या वर्षी काढलं माह्यं. तवा हे कोणी काहून नाही सांगितलं? तूच तं होतीस माह्यासंग."

दामिनीची मान खाली गेली. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर तिनेच हसून म्हटलं होतं, "बरं झालं वहिनी, कटकट गेली."

"चुकलं माह्यं. मलेही ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "उद्या भंडाऱ्याले जाऊ. हाडांची तपासणी करू, अन् इस्ट्रोजेनचं औषध तुले चालते का नाही, ते डॉक्टरलेच विचारू."

"हाव," रुखमा म्हणाली आणि उठायला तिचा हात धरला.

बायांनो, उपास करा, व्रतं करा, देवाला हात जोडा. पण पिशवी काढायची वेळ आली, तर आधी विचारा: बीजकोशही काढणार का? कशासाठी? मग माझ्या हाडांचं काय? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि प्रश्न विचारताच जो शाप देतो, त्याच्या मांडवातून उठून या.