कुठली पाळी?

आईचा शेवटचा शोधनिबंध छापायला निघाला होता आणि त्यातला अगदी आईसारखा वाटणारा एकच परिच्छेद विद्याधरकाकांनी काढून टाकला होता. त्याच्यासाठी भांडायला वसुधा छपाईआधी तपासायची मुद्रितं घेऊन मुलुंडहून घाटकोपरच्या दवाखान्यात आली. आईला जाऊन दोनेक महिने झाले होते. घरी भांडायलाही कोणी उरलं नव्हतं.

आई म्हणजे डॉ. रत्नप्रभा आणि तिचे सहकारी डॉ. विद्याधर यांनी याच खोलीत वर्षानुवर्षं मूल न होणाऱ्या जोडप्यांना तपासलं होतं. निबंध दोघांचा, इंग्रजीतला.

"अगं, शोधनिबंध आहे हा, हळदीकुंकवातल्या गप्पा नाहीत," काका म्हणाले. "तक्ते ठेवलेत ना सगळे?"

"तक्ते ठेवलेत. मालनला घालवलंत."

मालन ही गिरणी कामगाराची बायको. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. आईने नेहमीचाच पहिला प्रश्न विचारला होता, "पाळी नियमित आहे ना?"

"एकदम नियमित! एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारची, मग रातची."

नर्स तोंड फिरवून हसली. आईही हसली, पण मग पुढे झुकून तिने विचारलं, "आणि तुझी?"

"माझी दिवसाची. मरोळला, गोळ्यांच्या कारखान्यात."

"मग बाई, तुम्ही दोघं भेटता कधी?"

"रविवारी. पण तेव्हा दीर, नणंदा, सगळेच घरात असतात ना."

त्या दिवसापासून आई प्रत्येक जोडप्याला दोन्ही पाळ्या विचारू लागली. कित्येकांना औषध नकोच होतं, नवऱ्याची पाळी बदलून हवी होती. सगळा निबंध उभा राहिला तो या गफलतीवर.

"पण इंग्रजीत दोन्हींना वेगळे शब्द आहेत," काका म्हणाले. "गंमतच मरते. तू कॉलेजात इंग्रजी शिकवतेस ना? लिहून दाखव, ठेवतो. दोन ओळी हं, जास्त नाही."

आईची खुर्ची रिकामी होती. वसुधाने टेबलाशी उभ्यानेच लिहिलं, खोडलं. गंमत समजावायला गेलं की ती शिळी व्हायची. शेवटी तिने इंग्रजीत सरळ लिहिलं: आमच्या भाषेत बाईच्या महिन्याला आणि पुरुषाच्या कामाच्या वेळेला एकच शब्द आहे. आम्ही एकीबद्दल विचारलं, उत्तर दुसरीबद्दल आलं. आणि उत्तर प्रश्नापेक्षा शहाणं निघालं.

काका वाचता वाचता मोठ्याने हसले. "अगदी रत्नप्रभा! ती असंच म्हणाली असती."

"म्हणालीच होती. जेवताना."

काकांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले. मग पाकीट पुढे ओढून म्हणाले, "दे, आजच टपालात टाकतो."

मुद्रितं आल्यापासून रोज संध्याकाळी वसुधा आईच्या वाक्यांशी वाद घालत होती, स्वल्पविरामावरून तिला टोकत होती.

"काका, आज राहू दे. घरी एकदा शेवटचं वाचते."

"आता काय राहिलंय वाचायचं?" ते हळूच म्हणाले. "दे, वसू."

तिने दिलं.

बाहेर बाकावर जोडपी बसली होती. वसुधा क्षणभर टेकली. शेजारी एक बाई एकटीच होती. तिने सरकून जागा केली.

"तुमचे मिस्टर पण नाही आले?"

"नाही."

"माझे आता येतील, सुटले असतील. इथे एकट्या बाईला बघतच नाहीत हो." बाईने पुन्हा दाराकडे पाहिलं. "तोवर बसता का जरा?"

वसुधाने पर्स मांडीवर घेतली आणि ती बसून राहिली.