खांबाजवळ ठेवलेलं सोनं

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. विजेचा नव्हे हं, खो-खोचा! मारेगावजवळच्या एका खेड्यात, शाळेमागच्या मैदानात उभा आहे. सागवानाचा, म्हणून टिकलो. नाहीतर वाळवीने मला कधीच खाल्लं असतं.

नंदकिशोरच्या हट्टापायी सुताराने मला तासलं. काय पोरगा होता! माझ्यावर एक हात टाकून असा सूर मारायचा, की पळणारा गडी बघतच राहायचा. त्याची आई विमलताई दर दसऱ्याला मला हळदकुंकू लावायची आणि बजावायची, "माह्या पोराले सांभाळजो रे बाबा." पण तो कॉलेजच्या संघात गेला आणि तिथल्याच एका सामन्यात त्याचा गुडघा मोडला. खेळ कायमचा सुटला. मी इथे, तो तिथे; कसा सांभाळणार होतो?

दवाखान्यात तो एकच म्हणायचा, "आता जगू कायले?" तिथल्या आभा सिस्टर रोज उशाशी बसून प्रार्थना करायच्या. त्या म्हणाल्या, "येशूले तुहा गुडघा नाही पाहिजे रे, तू पाहिजेस." पुढे इथे मैदानावर खेळायला येणाऱ्या पोरींना त्यानेच हे सांगितलं, म्हणून मला कळलं. तो चर्चमध्ये जाऊ लागला. बाप्तिस्मा घेतला.

त्या दसऱ्याला माझ्यापाशीच विमलताईने पूजेचं ताट त्याच्यापुढे धरलं.

"मी नाही लावत आता, माय."

"देव बदलवला! उद्या माय बी बदलवशील!"

"मंग समज, तुले पोरगाच नाही."

झालं! तो तालुक्याला खोली घेऊन राहिला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशी दोघांची गत.

पण रोज संध्याकाळी तो लंगडत मैदानावर यायचा, गावच्या पोरींना शिकवायला. तांड्यावरच्या पायलला त्याने माझ्यावरून सूर मारायला शिकवलं. तिची विदर्भाच्या संघात निवड झाली, तेव्हा माझ्यावर हात ठेवून त्याने डोळे मिटले. "प्रभू, तू मले काहून ठेवलं ते आता समजलं." मग हळूच म्हणाला, "मायनं मले एकदा हाक मारावी."

विमलताई मात्र दसऱ्याला यायचीच, तो येण्याआधी, सकाळी. कुंकू लावायची, आपट्याचं पान माझ्या पायाशी ठेवायची. दसऱ्याचं सोनं, पोरासाठी. आणि विचारायची, "लय लंगडते का रे अजून? जेवते का नीट?" अगं बाई, मला काय विचारतेस? त्याला विचार ना! संध्याकाळी तो ते पान उचलून बायबलात ठेवायचा. कुंकू कधी पुसायचा नाही. घराकडे बघत उभा राहायचा आणि तालुक्याच्या वाटेला लागायचा. मला तोंड असतं तर दोघांना चांगलं झापलं असतं.

यंदा श्रावणात विमलताई एका रात्रीत तापाने गेली. त्याला निरोप पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

मग दसरा आला. माझ्या अंगावर कुंकू नव्हतं, पायाशी पान नव्हतं. संध्याकाळी तोच एक पान घेऊन आला. त्याचा गुडघा वाकत नाही. मला दोन्ही हातांनी धरून, दात-ओठ खात तो खाली बसला आणि आई ठेवायची तिथेच त्याने पान ठेवलं.

"माय वो, सोनं घे."

मग लहान पोरासारखा रडला. पायल जवळ आली. "सर, मी लावू कुंकू? आजी लावायची तसं?" त्याने मान हलवली. तिने लावलं, आणि मलाही फार रडू आलं, पण लाकडाला कुठलं पाणी!

मित्रांनो, मला वर्षातून एकदा तेल पाजा, बुडाशी वाळवी लागू देऊ नका. पण खरं मागणं वेगळंच आहे. दोघंही येऊन आपलं मन माझ्यापाशी मोकळं करत राहिले, आणि मी पडलो खांब. इकडचा एक शब्द तिकडे पोचवू शकलो नाही. तुमचं कुणाशी बोलणं तुटलं असेल, तर माझ्यापाशी येऊ नका. ते माणूस अजून घरी आहे ना? मग तिकडे जा.