चार इंचांपर्यंत शांत

शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी खंडाळ्यातल्या एका बंगल्याच्या हॉलमध्ये, चार फुटी काचेच्या टाकीत, एक एंजल मासा मेलेला सापडला. आठवड्यातला दुसरा. सापडला शालनला. बंगल्यात जे काही सापडतं ते तिलाच सापडतं: उशीखालचे चष्मे, सोफ्याखालच्या बाटल्या, आणि आता हे.

पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या त्या बंगल्याची देखभाल शालन आणि तिचा नवरा केरबा अकरा वर्षं करत होते. मागची खोली त्या कामाबरोबर मिळालेली. काम गेलं की खोलीही जाणार. मालक प्रज्ञेश बाणेरला राहायचे. पाहुण्यांना शांत वाटावं म्हणून त्यांनी गेल्या महिन्यात टाकी बसवली, आणि शांततेसाठी सिक्लिड मासे निवडले. आपल्या जागेत दुसऱ्याला टिकू न देण्याबद्दल हे मासे ओळखले जातात, पण रंग छान असतात.

निवड अभ्यास करूनच झाली होती. प्रज्ञेशनी तक्ता तयार करून, प्लॅस्टिकमध्ये घालून टाकीशेजारी टांगला होता. त्यात तीन रकाने: नाव, लांबी, स्वभाव. पहिले दोन त्यांनी शोधून भरले, तिसरा दुसऱ्यावरून. फूटभर वाढणारा ऑस्कर: आक्रमक. सहा इंची एंजल: मध्यम. चार इंची, काळ्या पट्ट्यांचे कन्विक्ट: शांत. कन्विक्ट म्हणजे कैदी. हे नाव नुसतं पट्ट्यांवरून पडलंय असं दुकानदार म्हणाला, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

सात वाजता फोन आला.

"ऑस्करच," प्रज्ञेश म्हणाले. "हॉलमधल्या कॅमेऱ्यात बघितलं मी. मेलेल्याच्या शेजारी तोच होता."

"दादा, त्यो तितंच असतोय, फिल्टरच्या मागं. त्याला भाईर यिऊ देत न्हाईत."

"कोण येऊ देत नाही?"

"पट्टंवालं दोगं. टाकीतल्या कुंडीत अंडी घातल्यात त्यांनी. जवळ येईल त्याला फाडत्यात."

"मावशी, ते चार इंचांचे आहेत."

"व्हय. पन जोडपं हाय."

पलीकडे ते तक्त्याची फाइल उघडत असावेत. "शांत लिहिलंय त्यांच्यापुढे," ते म्हणाले.

शालनचा तक्ता वेगळा होता आणि तो कुठेही टांगलेला नव्हता. गेल्या महिन्यात चिंचवडहून बावीस जणांचं कुटुंब आलं, जाताना चादरींच्या घड्या घालून गेलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोघंच आले, नवरा-बायको. त्यांनी दोन खुर्च्या मोडल्या आणि शेजारच्या बंगल्याच्या माळ्याला हौदात ढकललं. तेव्हापासून शालन बुकिंगमधला माणसांचा आकडा बघायची नाही. माणसं गाडीतून कशी उतरतात ते बघायची आणि मग खोल्या वाटायची.

"नवे दोन एंजल घेऊन दोनला येतो," प्रज्ञेश म्हणाले. "ऑस्करला बादलीत काढून ठेवा. आणि मावशी, आता यातलं काही मेलं, तर मला लक्ष देणारं दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

केरबाने बागेतून सगळं ऐकलं होतं. "सायब म्हंत्यात तसं कर. माशांची वकिली करून खोली घालवशील."

"आन त्यांचं ऐकलं तर नवं मासं मरतील. मंग बी खोली जाणारच की."

यावर केरबाने पाइप दुसऱ्या वाफ्यात टाकला.

शालनने त्याचीच रोपांवरची हिरवी प्लॅस्टिकची जाळी कापली, धुतली आणि टाकीच्या मधोमध उभी केली, खाली दगड लावून. एका बाजूला कुंडी आणि जोडपं, दुसऱ्या बाजूला बाकी जग. ऑस्कर फिल्टरच्या मागेच राहिला. त्याला बादलीत काढायचं तिने मनावर घेतलं नाही. दहा मिनिटांनी तो बाहेर आला. आठवड्यात पहिल्यांदा तो सरळ पोहताना दिसला. पंख फाटलेले होते.

प्रज्ञेश दोन वाजून पाच मिनिटांनी आले.

"हे काय लावलंय? पाहुणे फोटो काढतात इथे!"

"दोन दिस ऱ्हाऊ द्या दादा, पिल्लं मोठी हुईस्तवर."

"मी चार रात्री वाचून हा तक्ता केलाय, मावशी."

जाळी त्यांनी स्वतः काढली. ऑस्करला झाकणाच्या बादलीत घालून गाडीत ठेवलं, दुकानाला परत देण्यासाठी. नव्या एंजलना पाण्याची सवय व्हावी म्हणून त्यांची पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगत ठेवली. शेजाऱ्यांची सवय कशी करून द्यायची, हे सूचनांमध्ये नव्हतं. मासे सोडून, फोटो काढून ते तीनच्या आत निघाले. पाहुणे सहाला यायचे होते.

चार वाजता एका एंजलची शेपटी अर्धी उरली होती. ऑस्कर तेव्हा घरात नव्हता. तो सात इंचांचा आरोपी बादलीत बसून पुण्याच्या वाटेवर होता. दुसरा एंजल काचेच्या वरच्या कोपऱ्याला चिकटून होता, आणि शांत जोडपं त्याच्या खाली फेऱ्या मारत होतं.

शालनने कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं आणि जाळी आणली.

पाच वाजून दहा मिनिटांनी जाळी पुन्हा टाकीत उभी होती आणि दोन्ही एंजल जिवंत होते. शालनचा एक हात कोपरापर्यंत पाण्यात होता, शेवटचा दगड बसवत. स्टुलावर तिचा फोन वाजत होता, नाव प्रज्ञेशचं. तिने तो अजून उचललेला नाही.