जाहिरातीतली रिकामी खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. तुम्ही मला टीव्हीवर पाहिलं असेल आणि, खरं सांगा, डोळेही पुसले असतील. म्हणूनच पुढचं सांगायला लाज वाटते.

आम्ही सहा बहिणी, बीचच्या लाकडाच्या. इंग्लंडातल्या बोल्टन गावच्या नेव्हिल आणि गेनर एन्टविसल या जोडप्यानं आम्हाला जेवणाच्या टेबलासाठी घेतलं. घरात माणसं दोनच, त्यामुळे मी सहावी कायम भिंतीशी, अंगावर इस्त्रीचे कपडे घेऊन. तक्रार नव्हती. तो काळ बरा होता, हे आता कळतं.

मग एका ऑगस्टात एका मोठ्या दुकानानं नाताळच्या जाहिरातीसाठी आमचं घर भाड्यानं घेतलं. भर उन्हात खिडक्यांवर कागदी बर्फ पडला आणि माणसं लोकरी स्वेटरांत घामाघूम झाली. दिग्दर्शकानं आम्हा सगळ्याजणींना न्याहाळलं आणि माझ्यावर बोट ठेवलं. "ही. हिच्याकडे बघूनच रडू येतं."

गोष्ट साधी होती. एक मुलगी टेबलाशी जास्तीची खुर्ची मांडते आणि समोरच्या घरातल्या एकट्या म्हाताऱ्याला हाताला धरून घेऊन येते. शेवटी अक्षरं येतात, 'या नाताळात एक खुर्ची जास्त मांडा', आणि खाली दुकानाचं नाव. म्हाताऱ्याचं काम करणारा नट लंडनहून आला होता. घरी नातवंडं वाट बघत होती म्हणून तो सारखा घड्याळात बघायचा.

खरी एकटी बाई शेजारच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिचं नाव एनिड. वय ऐंशीच्या घरात, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गेनरनं कुंपणावरून हाक मारली, "एनिड, नाताळला आमच्याकडेच यायचं हं जेवायला!"

"अगं बाई, किती छान!"

आता इथली रीत अशी, की हे नुसतं म्हणायचं असतं. म्हणणारा दिवस-वेळ सांगत नाही आणि ऐकणारा विचारत नाही. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. एनिडचा अख्खा जन्म इथंच गेलेला, तिला ही रीत चांगली ठाऊक होती. पण नोव्हेंबरात जाहिरात लागली. रोज संध्याकाळी तेच घर, तेच टेबल, तीच मी. बघून बघून बिचारीला वाटलं, या वेळी खरंच बोलावलंय.

गेनर तर जाहिरात लागली की दर वेळी रडायची. तिनं मला दाराबाहेर छपराखाली मांडलं, तांबडी फीत बांधली, दिव्यांची माळ सोडली. येणारे-जाणारे फोटो काढू लागले. खोटं कशाला बोलू, मी फुशारून गेले होते.

नाताळच्या दुपारी गेनरच्या बहिणीचं कुटुंब जेवायला आलं. खुर्ची कमी पडली तेव्हा गॅरेजमधली घडीची आणली. मला मात्र आत नेलं नाही, फोटो काढणारे येतील म्हणून.

सगळे जेवायला बसले आणि एनिड आली. ठेवणीतला निळा कोट, ओठांना लाली, हातात काचेच्या भांड्यात केक-कस्टर्डचं ट्रायफल. नेव्हिलनं दार उघडलं. डोक्यावर नाताळच्या जेवणाला घालतात तो कागदी मुकुट, तोंडात घास.

"एनिड! मेरी ख्रिसमस! काय हो, हीटिंगचा बॉयलर बंद पडला की काय?"

एनिडनं त्याच्या खांद्यावरून भरलेल्या टेबलाकडे पाहिलं. तिला काय समजायचं ते समजलं.

"नाही रे बाळा. ट्रायफल जरा जास्तच झालं, म्हटलं तुम्हाला द्यावं."

"अहो, मग आत या ना, निदान..." म्हणत तो दारातच उभा.

"नको नको, माझी बहीण यायचीय. सॉरी हं, जेवताना उठवलं."

एनिडला बहीण नाही. नेव्हिललाही ते माहीत होतं. त्यानं भांडं घेतलं.

"कोण आहे?" आतून गेनरनं विचारलं.

"एनिड. ट्रायफल दिलंय."

"कित्ती गोड बाई आहे!"

दार लागलं. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. एनिड माझ्यावर टेकली. किती हलकी होती! तिला घट्ट धरावंसं वाटलं, पण मला हातच नाहीत.

तेवढ्यात जेवून फिरायला निघालेलं एक जोडपं फाटकाशी थांबलं. बाईनं फोन काढला. "अय्या, तीच खुर्ची! आजी, जरा उठता का? फोटोत रिकामी हवीय."

"सॉरी हं," म्हणत एनिड उठली आणि आपल्या घरी गेली.

पुढे जाहिरातवाल्या दुकानानं मला मागून नेलं; हल्ली मी त्यांच्या काचेमागे असते. पुढे दोरी, 'बसू नये' अशी पाटी. लोक अजून माझ्याकडे बघून गहिवरतात आणि मला तोंड लपवावंसं वाटतं. माझ्यासाठी रडू नका, एवढीच विनवणी आहे. कुणाला 'या' म्हणालात तर वेळही सांगा. आणि ते माणूस आलं, की दारातून बाजूला व्हा.